तुमचे प्रश्न: माणूस मोठा की दार छोटं?

प्रश्न: मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमधे (खऱ्याच्या १/८७) कार्डबोर्डचं छोटं स्टेशन करतोय. सगळी मापं ८७ ने भागून घेतली, दोनदा तपासली. तरी विकत आणलेली माणसं दारात उभी केली की डोकं चौकटीला टेकतं. माझं कुठे चुकतंय?

उत्तर: तुमचं काहीच चुकलं नाहीये बहुतेक, आधी त्या माणसांचं पाकीट बघा, त्यावर ‘ओओ/एचओ’ असं दोन्ही लिहिलेलं असेल. दोन्ही स्केलमधे दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमीच, त्यामुळे दुकानात सगळं एकाच खणात पडलेलं असतं, पण एचओ म्हणजे १:८७ आणि ओओ म्हणजे १:७६. आता हिशोब करा, २ मीटरचं दार एचओमधे २३ मिमी होतं आणि पावणेसहा फुटी माणूस, म्हणजे १७५० मिमी, ओओमधे तोही २३ मिमीच! वर पायाखालची चकती धरली तर अजून अर्धा-एक मिमी चढतो. तोच माणूस एचओमधे २० मिमीचा हवा. दार कापू नका, माणसं बदला, नाहीतर हीच वापरायची तर लांब मागे नका ठेवू, तिथे तर अजूनच राक्षस दिसतील, पुढच्या कडेला बाकावर बसवून टाका, बसलेल्या माणसाची उंची कोण मोजतंय.

एक मात्र विचारलं नाहीत तरी सांगतो, कार्डाची जाडी. माझं पहिलं गोदाम सगळं बरोबर मोजून कापलेलं आणि छप्पर काही बसेना, कारण पुढची-मागची भिंत पूर्ण लांबीची घेतली आणि बाजूच्या भिंती त्यांच्या मधे न घालता बाहेरून चिकटवल्या, दीड मिमीचं कार्ड, दोन बाजूंचे मिळून ३ मिमी वाढले. ३ मिमी म्हणजे खऱ्यात २६ सेंटीमीटर हो! जी भिंत दोन भिंतींच्या मधे बसते तिच्यातून दोन जाड्या वजा करायच्या, कापायच्या आधी.

प्रश्न: जुन्या इमारतीचा नकाशा नाही, फक्त जाऊन फोटो काढता येईल. एन स्केलसाठी (खऱ्याच्या १/१६०) मापं कशी काढू?

उत्तर: एक मीटरची काठी घेऊन जा आणि भिंतीला अगदी चिकटवून उभी करा, दोन पावलं पुढे ठेवलीत तर ती मोठी दिसणार आणि इमारत बारकी निघणार. फोटो समोरून, जमेल तितक्या लांबून, कॅमेरा वर न वाकवता. समजा प्रिंटवर काठी २० मिमी आणि भिंत ७४ मिमी आली, तर भिंत ३.७ मीटर, त्याला १६० ने भागलं की साधारण २३ मिमी. नंतर कॉम्प्युटरवर काढून प्रिंट मारणार असाल तर कोपऱ्यात १०० मिमीची रेघ ओढून ठेवा, प्रिंटरचं ‘फिट टू पेज’ (चित्र कागदात बसवायला लहान करणं) चालू राहिलं असेल तर ती ९६-९७ भरते आणि लगेच कळतं.