गर्भाशयाची पिशवी काढायची चिठ्ठी लिहिण्याआधी

प्रिय,

तुझं पोस्टिंग बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागल्याचं कळलं. बरं वाटलं, थोडी काळजीही वाटली. पाडव्याच्या आगेमागे साखर कारखाने बंद होतील, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततील आणि तुझी ओपीडी बायांनी भरून जाईल. त्यातली एखादी तिशीतली बाई स्वतःहूनच म्हणेल, "मॅडम, पिशवी काढून टाका, कटकटच नको." तिला रागावू नकोस. फडात एक खाडा पडला की पैसे कापले जातात, कपडा बदलायला आडोसाही नसतो. पाळीच नको, हा तिचा हिशोब तिच्यापुरता चुकीचा नाही.

२०१९ मध्ये या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे याच जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. एवढ्या सगळ्यांना तेवढा मोठा आजार होता, असं मला तरी पटत नाही.

"अंगावरून जातं" म्हणाली की आधी विचार, लाल की पांढरं? पांढरं असेल तर बहुतेक वेळा जंतुसंसर्ग निघतो आणि तो औषधाने बरा होतो. पिशवीच्या तोंडाला लाली दिसली की "जखम आहे, पुढे कॅन्सर होईल" म्हणून घाबरवणारे तुला भेटतील. तशी लाली कित्येक निरोगी बायांतही असते. शंका आली तर तपासणी कर, भीती घालू नकोस. सोनोग्राफीत 'पिशवी थोडी मोठी' असा शेरा आला तरी बिचकू नकोस. तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी तशी असतेच.

लाल जात असेल तर पहिली तपासणी गरोदरपणाची, नसबंदी झालेली असली तरीही. मग पर्समधल्या गोळ्यांबद्दल विचार. मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या घेतलेली बाई ते आपणहून सांगत नाही, आणि अर्धवट राहिलेला गर्भ आठवडेच्या आठवडे रक्त घालवत राहतो. तांबी बसवली आहे का? 'अंतरा'चं गर्भनिरोधक इंजेक्शन चालू आहे का? त्या इंजेक्शनने पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. तो आजार नव्हे.

मग उरतात खरी कारणं. गाठी (फायब्रॉइड), मस्से (पॉलिप), पिशवीच्या भिंतीत शिरलेलं अस्तर ही डोळ्यांना दिसणारी. थायरॉइड, पीसीओएस (बीजकोषांचा हार्मोनचा बिघाड), रक्त न गोठण्याचा दोष ही न दिसणारी. वयात आल्यापासूनच भरमसाट जात असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर हा शेवटचा दोष आठव. तो फार वेळा सुटून जातो. पहिली पाळी येऊन दोन-तीन वर्षंच झालेल्या पोरीची पाळी मागेपुढे होत असेल, तर उगाच पीसीओएसचा शिक्का मारू नकोस. उलट पाळी अगदी कमी झालेली, मूल होत नाही अशी बाई आली तर पिशवीचा क्षयही (टीबी) मनात असू दे.

प्रौढ बाईची पाळी २४ ते ३८ दिवसांनी येते आणि आठ दिवसांपर्यंत चालते, तोवर ठीक. रात्री उठून कपडा बदलावा लागतो, गुठळ्या पडतात, जिना चढताना दम लागतो, असं म्हणाली तर हिमोग्लोबिन बघ. बाराच्या खाली गेलं की पंडुरोग धर. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल नि मेफेनॅमिक आम्ल, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोनवाली तांबी, एवढं हाताशी असताना चाकू पहिला का? पंचेचाळिशीनंतर नव्याने गडबड सुरू झाली किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र वेळ न घालवता अस्तराचा तुकडा तपासायला पाठव.

कधी पिशवी काढणं हाच योग्य उपाय असतो, तेव्हा तेही स्पष्ट सांग. पण बीजकोष निरोगी असतील तर ते ठेवायला लाव. तरुणपणी तेही गेले की हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, आणि त्या बाईला पुढच्या दसऱ्याला पुन्हा मोळी उचलायची असते.

लोहाच्या गोळ्यांची मागणी फेब्रुवारीतच पाठव. एप्रिलमध्ये मागितल्यास तर टोळ्या पुन्हा निघेपर्यंत येतील.

तुझी,
मॅडम