एका दिवसाची सहल आखताना

पुण्याहून एका दिवसाची सहल प्रथमच आखणाऱ्याने परतीची वेळ आधी ठरवावी आणि त्यावरून निघण्याची वेळ काढावी, कारण दिवस बहुधा फसतो तो संध्याकाळी शहरात शिरतानाच्या वाहनकोंडीत. दोन ठिकाणांचा मोह टाळावा. सिंहगड आणि पुरंदर एकाच दिवशी करण्याच्या घाईत दोन्ही अर्धेच पाहून होतात.

पहिल्या सहलीसाठी मी लोहगड सुचवेन. लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे, भाजे गावातून चालत गायमुख खिंड गाठावी आणि गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशा एकामागून एक येणाऱ्या दरवाजांतून वर जावे. वळणावळणाची ही वाट तटावरून कशी माऱ्यात राहत असे, हे तिथे उभे राहिल्यावरच उमगते. २०२५ मध्ये हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत आला. भाजे लेणी उतरताना पाहावीत, कारण चैत्यगृह पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतरचा प्रकाश आतल्या स्तूपापर्यंत पोहोचतो. मळवलीला एक्स्प्रेस गाड्या सहसा थांबत नाहीत, म्हणून परतीच्या दोन लोकलच्या वेळा लिहून ठेवाव्यात.

पुरंदरावर लष्कराचे नियम असल्यामुळे ओळखपत्र अवश्य न्यावे. जेजुरीला सोमवती अमावास्येला अलोट गर्दी होते, तेव्हा निवांत दर्शन हवे असल्यास तो दिवस टाळलेला बरा. पावसाळ्यात मात्र लोहगडाच्या विंचूकाटा या लांबट, अरुंद सोंडेवर किंवा कड्यालगत जाण्याचा हट्ट कुणीही धरू नये, मग सोबत कितीही अनुभवी माणसे असोत.