पाडवा १० नोव्हेंबरला आहे, तुमची मुदत २ तारखेलाच संपतेय

कराडच्या एका वाचकांचा लांबलचक मेल आलाय, त्यातलं कामाचं एवढंच. २०२४ च्या दिवाळी पाडव्याला त्यांनी पुण्याच्या एका गॅरेजकडून १९६५ सालची उंच बॉनेटची जीप घेतली, ८ लाख ४० हजारांना. जाहिरातीत ‘व्हिंटेज, फुल्ली रिस्टोअर्ड, हॉट रॉड लूक, पेपर क्लिअर’ असं होतं. आता मुलीच्या ॲडमिशनला पैसे लागतायत म्हणून जीप विकायला काढली, तर गिऱ्हाईकाने आरसी बघून पाय मागे घेतला, कारण आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन, शिवाय आरसीवर नाव अजून तिसऱ्याच माणसाचं. त्यांना विचारायचंय की व्हिंटेज म्हणून पासिंग करून जीप विकता येईल का, नाहीतर गॅरेजवाल्याकडून पैसे परत मिळतील का. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय, ‘येत्या पाडव्याला दोन वर्षं होतील, त्याच्या आत काहीतरी करू.’

त्या शेवटच्या ओळीमुळे मी बाकीचे मेल बाजूला ठेवून आधी हे लिहायला घेतलं.

ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते हे तुम्हाला कुणीतरी बरोबर सांगितलंय, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९. पण ही दोन वर्षं पाडव्यापासून पाडव्यापर्यंत मोजत नाहीत हो, कॅलेंडरच्या तारखेने मोजतात. २०२४ चा पाडवा २ नोव्हेंबरला होता. यंदा अधिक ज्येष्ठ आला, दिवाळी पुढे सरकली आणि पाडवा १० नोव्हेंबरला आहे. म्हणजे तुम्ही पाडव्याचा मुहूर्त धरून तक्रार टाकलीत तर ती आठ दिवस उशिरा असेल आणि मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्यावर वेगळी सुनावणी, हे सगळं मूळ विषयाला हात लागायच्या आधी. उशिराचं कारण काय देणार तुम्ही? गॅरेजवाला ‘पुढच्या आठवड्यात करतो दादा’ म्हणत राहिला हे? तुम्ही पाठवलेल्या व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये हे वाक्य मी अकरा वेळा मोजलंय. अशा आश्वासनांनी मुदत वाढते असं धरून चालू नका, आणि वकिलाची नोटीस दिली म्हणूनही घड्याळ थांबत नाही.

आता तुमच्या करारातलं सातवं कलम. मेलमध्ये तुम्ही सहाव्या कलमालाच घाबरलाय, ‘गाडी जशी आहे तशी, नंतर तक्रार चालणार नाही’, आणि सातव्याचा उल्लेखसुद्धा नाही, म्हणून विचारते, सही करायच्या आधी वाचलं होतंत का? त्यात स्पष्ट लिहिलंय की इंजिन बदलाची आरटीओकडे नोंद आणि नाव ट्रान्सफर हे दोन्ही गॅरेज स्वतःच्या खर्चाने सहा महिन्यांत करून देईल. तुमची केस उभी राहते ती ह्या एका कलमावर. रंग कसा आहे, क्लच घसरतो का, ह्याला ‘जशी आहे तशी’ लागू होईल, पण कागदपत्रांचं काम त्यांनी वेगळं अंगावर घेतलं आणि केलं नाही, ती सेवेतली त्रुटी झाली. सहावं कलम आयोग कसं वाचेल ह्याची खात्री मी देणार नाही, मुद्दा तुमच्या बाजूने मजबूत आहे एवढं म्हणते.

ह्याच सहा महिन्यांमुळे असाही युक्तिवाद होतो की तक्रारीचं कारण २ मे २०२५ ला घडलं, म्हणजे मुदत मे २०२७ पर्यंत आहे. तुमचे वकील हा मुद्दा तक्रारीत लिहितीलच, लिहायलाच हवा. पण त्याच्या भरवशावर नोव्हेंबर जाऊ देऊ नका, कारण समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार की ताब्याच्या दिवशी आरसी हातात होती, पेट्रोल लिहिलेलं दिसत होतं, मुदत तेव्हापासूनच सुरू झाली. तुम्ही दसऱ्याच्या आत तक्रार दाखल करा, म्हणजे हा वादच उरत नाही.

व्हिंटेजचं म्हणाल तर नाही होणार. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले, व्हीए अक्षरांची नंबर प्लेट वगैरे, त्यात पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली असणं ही अर्धीच अट आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिन ह्यात मोठा फेरफार नको. तुमच्या जीपची चासी मागून कापून आखूड केलीय, फोटोत वेल्डिंगची आडवी रेघ रंगाखालूनही दिसते. बॉनेटच्या वरची स्कूप नंतर बसवलेली, इंजिन पिकअपचं. अमेरिकेत अशा ‘हॉट रॉड’ गाड्यांची परंपरा आहे, १९३२ ची फोर्ड घ्यायची आणि तिला हवं तसं कापायचं, आणि तिथे बऱ्याच राज्यांत स्ट्रीट रॉड म्हणून वेगळी नोंदणीही मिळते. आपल्याकडे तसा खणच नाही. आपल्याकडे आहे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाही हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगून झालंय. काही बदलांना आधी परवानगी घेऊन नोंद करता येते, इंजिनच्या बाबतीत कदाचित वाट निघेल, कापलेल्या चासीच्या बाबतीत मला ती दिसत नाही. जाहिरातीतला ‘व्हिंटेज’ शब्द मात्र तुमच्या कामाचा आहे, ती जाहिरात अजून ऑनलाइन असेल तर आजच तारखेसकट सेव्ह करा.

आणि कृपा करून आत्ता जीप विकू नका. दुसरं गिऱ्हाईक कमी भावात घ्यायला तयार आहे असं लिहिलंय तुम्ही, पण सगळं माहीत असताना त्याला न सांगता विकलीत तर उद्या गॅरेजवाल्याच्या जागी तुम्ही उभे असाल, आणि सांगून विकलीत तरी आयोगाने तपासणीला गाडी मागितली की दाखवणार काय? चालवूही नका. आरसीवर ज्या बिचाऱ्याचं नाव आहे, अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून तोच धरला जाईल, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच हे स्पष्ट केलंय, आणि इंजिन बदलल्याचं विमा कंपनीला कळवलेलं नसेल तर क्लेमचं काय होईल सांगता येत नाही.

तक्रार साताऱ्यालाच टाका, पुण्याला जायची गरज नाही, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती चालते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते, तुमच्या रकमेला फी २०० रुपये आहे. ३ लाख ४० हजार रोख दिलेत आणि पावती घेतली नाहीत हे वाचून मला राग आला, सुदैवाने करारात पूर्ण रक्कम पोचल्याचं लिहिलंय, त्यामुळे मूळ करार जपा, झेरॉक्सवर भागणार नाही. जीप हौसेने घेतलीत हे तक्रारीत लिहा, कारण विकून नफा काढायला घेतली असं दिसलं तर तुम्ही कायद्याने ग्राहकच राहत नाही. व्हॉट्सॲपचं पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका, त्याच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागतं, ते वकील करून देतील. चासी नंबरच्या पट्टीचे रिव्हेट मला नवे वाटतात, पण फोटोवरून पट्टी बदलल्याचा आरोप करू नका, आधी गाड्या तपासणाऱ्या चांगल्या सर्व्हेयरकडून लेखी रिपोर्ट घ्या.

किती वेळ लागेल? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात आयोगांवर सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि लोक तारखा घेत फिरतात, ह्या गोष्टीचा मला वीस वर्षांनंतरही संताप येतो. एक हत्यार मात्र तुमच्याकडे आहे. समोरच्याला लेखी जबाब द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापुढे एकही दिवस नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिलंय. नोटीस गॅरेजला कोणत्या तारखेला पोचली त्याची पोच जपून ठेवा आणि ४६ व्या दिवशी वकिलांना स्वतः फोन करा.

सर्व्हेयर ह्याच आठवड्यात बघा, गणपतीत कुणी सापडणार नाही.