इंग्रजीत 'शांघाय' हे क्रियापद कसं काय? चिनी विद्यार्थ्यांना काय सांगू?

आधी हे सांगा की यात चिनी लोकांचा काही दोष नाही, हे क्रियापद अमेरिकेतलं आहे, मूळ अर्थ एखाद्याला जबरदस्तीने पळवून जहाजावर कामाला लावणं. १९व्या शतकात सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंडसारख्या बंदरांत खलाशी मिळायचे नाहीत, कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तर असलेलेही जहाज सोडून पळायचे, मग दलाल लोक एखाद्याला दारू पाजून नाहीतर गुंगीचं औषध देऊन सरळ जहाजावर नेऊन टाकायचे, शुद्धीवर येईपर्यंत जहाज भर समुद्रात! अशी बरीच जहाजं चीनकडे जायची, म्हणून हे नाव चिकटलं असं मानतात. १९१५ च्या खलाशी कायद्यानंतर हा धंदा बंद पडला. आता अर्थ सौम्य झालाय, कुणी नको असलेलं काम गळ्यात मारलं की 'शांघायड' म्हणतात. आणि हो, क्रियापद लिहिताना एस स्मॉल, कॅपिटल फक्त शहराला.