अठरा पूर्ण झाली, आता राहायचं कुठे?

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेली किंवा लहानपणीच घर सोडलेली मुलं-मुली स्टेशनवर, पुलाखाली, बंद दुकानांच्या फळीवर झोपतात. वय 18 ते 25. बालकांसाठीची 1098 ही हेल्पलाइन त्यांच्यासाठी संपलेली असते आणि मोठ्यांच्या योजनांत शिरायला लागणारे कागद हाती नसतात. त्यांच्यासोबत केस वर्कर म्हणून काम करणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : पुणे स्टेशनवर राहणारा 19 वर्षांचा मुलगा आमच्याकडे येतो. आठ वर्षं बालगृहात होता. ‘आधार नाही’ म्हणतो. नवीन आधार काढायला दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा नोंदणी नाकारली. आता काय करायचं?

तिसऱ्यांदा नवीन नोंदणी करू नका. इतकी वर्षं संस्थेत राहिलेल्या मुलाचं आधार बहुतेक वेळा तिथेच निघालेलं असतं. त्याला ते आठवत नाही किंवा कार्ड कधी त्याच्या हातातच आलेलं नसतं. यंत्रणेला त्याचे डोळे-बोटं आधीपासून ओळखीचे असले की नवी नोंदणी ‘दुबार’ म्हणून बाद होते. त्याला हवा आहे जुना क्रमांक.

तो तीन ठिकाणी शोधा. बालगृहाच्या फाइलमध्ये झेरॉक्स असते. मुलगा शाळेत जात असेल तर शाळेच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीत क्रमांक चढवलेला असतो. शाळा सोडल्याचा दाखला मागायला जाल तेव्हा तोही विचारा. दोन्हीकडे नाही मिळाला तर आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून हरवलेला क्रमांक शोधता येतो. इथेच गाडी अडते. ठसे वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. पंधराव्या वर्षीचं हे काम राहून गेलं असेल तर बालगृहात आल्यावर, समजा दहाव्या वर्षी, दिलेले ठसे आजच्या बोटांशी अनेकदा जुळत नाहीत. मग आधारच्या 1947 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बाद झालेल्या दोन्ही नोंदणींच्या पावत्या घेऊन आधारचं प्रादेशिक कार्यालय गाठा. त्या पावत्या म्हणूनच फेकू देऊ नका.

क्रमांक सापडला की त्याच दिवशी ठसे आणि मोबाइल नंबर अद्ययावत करा. नंबर मुलाचा स्वतःचा हवा. तुमचा किंवा संस्थेचा नंबर देणं त्या क्षणी सोयीचं वाटतं, पण पुढे प्रत्येक ओटीपीसाठी तो तुमच्या दारात उभा राहतो आणि तुम्ही नोकरी बदललीत की त्याचं खातंच बंद झाल्यासारखं होतं. फोन चोरीला जाणं हे रस्त्यावर नेहमीचंच. तेव्हा तोच नंबर नव्या सिमवर लगेच काढून घ्या. रिचार्जविना काही महिने पडून राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते.

आधार खरोखरच कधी निघालं नसेल तर मान्यताप्राप्त बेघर निवाऱ्याच्या प्रमुखाचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. त्यावर फोटो लागतो आणि सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर असावा लागतो. प्रमाणपत्र तीन महिनेच ग्राह्य असतं. साध्या लेटरहेडवर ‘हा मुलगा आमच्या परिचयाचा आहे’ असं लिहून पाठवलेली पत्रं परत येतात. अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, त्याला 180 दिवसांपर्यंत लागू शकतात. ही मुदत मुलाला आधीच सांगा.

प्रश्न : आधार येईपर्यंत बाकी सगळंच थांबवायचं का?

अजिबात नाही. बँकेत ‘छोटं खातं’ उघडता येतं. फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा एवढ्यावर ते मिळतं. शिल्लक 50,000 रुपयांपर्यंत, वर्षभरात जमा 1 लाखापर्यंत आणि महिन्याला काढणं 10,000 पर्यंत, अशा त्याच्या मर्यादा आहेत. मुदत 12 महिने. तेवढ्यात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी 12 महिने मिळतात. काउंटरवर ‘असं खातं नसतं’ हे हमखास ऐकावं लागतं. वाद घालू नका, शाखा व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मतदार यादीतही नाव घालता येतं. नमुना 6 भरताना तो जिथे झोपतो ती जागा नेमकी लिहा: कोणत्या पुलाखाली, कोणत्या खांबाजवळ, समोर कोणतं दुकान. बेघर अर्जदाराला पत्त्याचा कागद मागत नाहीत. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो तिथे खरंच झोपतो का, हे एकापेक्षा जास्त रात्री पाहतो. म्हणून अधिकाऱ्याला आधी फोन करून साधारण कोणत्या रात्री येणार ते विचारा आणि मुलाला कळवा. लग्नसराईत वाढप्याचं काम करणारा मुलगा रात्री दोनपर्यंत जागेवर नसतो आणि अर्ज ‘आढळला नाही’ म्हणून फेटाळला जातो.

कागद हाती आले की मूळ प्रती कुणाकडे ठेवायच्या हे मुलगा ठरवेल. संस्थेच्या कपाटात ठेवायला तो तयार असेल तर सहीची पावती द्या आणि मागेल तेव्हा, कारण न विचारता परत करा. ‘नशा सोडलीस तर कागद देईन’ असं म्हणणारी माणसं या क्षेत्रात आहेत. हे चुकीचं आहे, आणि अशा ठिकाणी मुलगा पुन्हा येत नाही.

प्रश्न : बाल न्याय कायद्यातली ‘अठरानंतरची मदत’ नेमकी कुणाला मिळते? (नागपूर)

2015 च्या कायद्याचं कलम 46 अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. मदत 21 वर्षांपर्यंत मिळते आणि अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत वाढवता येते. राहण्यासाठी अनुरक्षण गृह (अठरानंतरच्या मुलांचं सरकारी वसतिगृह) असतं, आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली महिन्याला 4,000 रुपयांची तरतूद आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा. बाल कल्याण समितीचा आदेश, संस्था सोडल्याची नोंद, शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू असल्याचा कागद आणि बँक खातं जोडा.

मुलगा सोळाव्या वर्षी पळून गेला असेल तर ‘अठरा पूर्ण करून बाहेर पडला’ अशी नोंदच नसते आणि अर्ज तिथेच अडकतो. त्याला पैशाचं आश्वासन देऊ नका. तरीही त्याची जुनी फाइल मागवाच, कारण जन्मतारीख, शाळा, आई-वडिलांची नावं तिथेच सापडतात. आई-वडील दोघंही हयात नसतील तर महिला व बालविकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र काढा. राज्यात 2018 पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी 1 टक्का आरक्षण आहे.

प्रश्न : नोकरी लावून दिली की मुलं पंधरा दिवसांत सोडतात. जबाबदारीच नको असते का त्यांना?

आधी पगाराची तारीख पाहा. 5 तारखेला कामावर लागलेल्या मुलाला पहिला पगार पुढच्या महिन्याच्या 7 ते 10 तारखेला मिळतो. म्हणजे पस्तीस दिवस त्याने रोजचं जेवण, बस आणि स्वच्छ कपडे कशावर भागवायचे? मजूर नाक्यावर किंवा केटरिंगमध्ये त्याच रात्री रोख मिळते. पंधराव्या दिवशी खिसा रिकामा झाला की तो तिकडे परत जातो. आमच्या मते बहुतेक ‘बेजबाबदार’ मुलांचं खरं कारण एवढंच असतं.

त्यामुळे नोकरीआधी पहिल्या चाळीस दिवसांचा हिशेब कागदावर मांडा. समजा जेवण रोज 120 आणि प्रवास 40 रुपये, तर चाळीस दिवसांचे 6,400 झाले. हे पैसे दर आठवड्याला द्या, एकरकमी नको. रस्त्यावर जवळ मोठी रक्कम असणं धोक्याचं असतं. कंत्राटदार गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापतो का, हे आधीच विचारून घ्या. सुरक्षारक्षकाच्या कामात हे सर्रास होतं.

दुसरं कारण झोपेचं. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला सकाळी आठला निवाऱ्यातून बाहेर काढलं तर तो काम टिकवणार कसा? राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवारा वर्षभर, चोवीस तास उघडा असायला हवा आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागा हवी. महापालिकेच्या संबंधित कक्षाला हा संदर्भ देऊन लेखी पत्र लिहा.

खोलीची घाई नको. दोन-तीन पगार सलग आल्यावर कॉट बेसिसवर जागा बघा. अनामत रक्कम संस्थेने दिली तर ती परत कुणाला मिळणार, हे करारात लिहून घ्या.

प्रश्न : मुलगा सोल्युशन (पंक्चर चिकटवायचा द्रव) नशेसाठी ओढतो. भेटायला गेलो की पळतो. पाठलाग करून आणावं का?

नाही. सोल्युशन ओढत असताना घाबरून धावल्याने हृदयाचे ठोके अचानक बिघडून मृत्यू होऊ शकतो. लांब बसा, शुद्धीवर आला की बोला. झोपेच्या गोळ्यांची किंवा रोजच्या दारूची सवय असेल तर एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस कमी करावा लागतो. माहितीसाठी नशामुक्ती हेल्पलाइन 14446.

प्रश्न : मुलींसाठी वेगळं काय?

त्या स्टेशनवर दिसत नाहीत. बऱ्याचदा कुणाच्या तरी ‘आधारा’ने राहतात आणि त्याची किंमत मोजत असतात. त्यामुळे ‘राहतेस कुठे?’ याऐवजी ‘आज रात्री तिथून निघावं लागलं तर कुठे जाशील?’ असं विचारा. तातडीसाठी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. संकटातल्या महिलांसाठीच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरतं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, म्हणून पुढच्या जागेची, म्हणजे शक्ती सदन (निराधार महिलांचं निवासगृह) किंवा नोकरी असेल तर सखी निवासाची (नोकरदार महिलांचं वसतिगृह), चौकशी पहिल्याच दिवशी सुरू करा.

प्रश्न : भीक प्रतिबंधक कारवाईत मुलाला उचललं तर?

1959 चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे. मुलाला ताब्यात घेतल्याचं कळताच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. ताब्यातल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कामाचा पुरावा सगळ्यात उपयोगी पडतो: हजेरीचं कार्ड, कंत्राटदाराचे मेसेज, खात्यात जमा झालेली मजुरी. ही माहिती फाइलमध्ये आधीच जमवून ठेवा.

प्रश्न : मार्चमध्ये माझा करार संपतोय. माझ्याकडे 40 मुलं आहेत. काय करून जाऊ? (ठाणे)

चाळीस जास्तच आहेत. एका केस वर्करकडे वीस-पंचविसांपेक्षा जास्त मुलं असू नयेत, हे संस्थेला लिहून द्या.

मुलांना किमान सहा आठवडे आधी सांगा. नव्या कार्यकर्त्याला घेऊन प्रत्येकाला दोनदा भेटा, दुसऱ्या भेटीत बोलणं त्याच्यावर सोपवा. फाइलच्या पहिल्या पानावर एवढंच हवं: कोणता अर्ज कुठे अडकला, पावती क्रमांक, पुढची तारीख, मुलगा कोणत्या वेळी कुठे सापडतो, त्याला कोणत्या विषयावर बोलायला आवडत नाही. एचआयव्हीची माहिती 2017 च्या कायद्यानुसार लेखी संमतीशिवाय कुणालाही देता येत नाही, नव्या कार्यकर्त्यालाही नाही. ती संमती घ्यायची की नाही, हे मुलासोबत एकट्याने बसून विचारा. आणि नव्या माणसाचा नंबर फोनमध्ये घालून थांबू नका, फोन जातो. कागदावर लिहून लॅमिनेट करा आणि त्याच्या कागदांच्या पिशवीत ठेवा.