सेफलाइट: काच बसवणारी कंपनी की क्लेम घेणारी?

गाडीच्या समोरच्या काचेला टवका उडाला म्हणून इन्शुरन्सला फोन केला, तर त्यांनी थेट सेफलाइटचीच, म्हणजे गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या अमेरिकन कंपनीची, अपॉइंटमेंट देऊ केली. ही कंपनी इन्शुरन्सवाल्यांचीच आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. पण तुमचा फोन इन्शुरन्स कंपनीच्या माणसाने उचलला असेलच असं नाही. अमेरिकेतल्या अनेक विमा कंपन्या काचेचे क्लेम हाताळण्याचं काम सेफलाइटच्याच एका विभागाकडे सोपवतात. म्हणजे क्लेम नोंदवणारे हे आणि काच बसवणारेही हेच. मी काही वर्षं क्लेमच्या कामात होतो, त्यामुळे सांगतो: या कंपनीची खरी ताकद त्या फोनमध्ये आहे.

सुरुवात साधी होती. 1947 मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा इथे दुकान निघालं, पुढे मुख्यालय ओहायोतल्या कोलंबसला गेलं. नव्वदच्या दशकात व्हिस्टार ही तगडी प्रतिस्पर्धी कंपनी तिच्यात विलीन झाली. एवढं वाढूनही 2000 मध्ये कर्जापायी दिवाळखोरीचं संरक्षण घ्यावं लागलं. त्यातून ती सावरली आणि 2007 मध्ये बेलरॉनने तिला विकत घेतलं. बेलरॉनची मुळं केपटाउनमधली, आणि तिच्यात सर्वात मोठा वाटा बेल्जियमच्या दिएतेरेन समूहाचा. हे घराणं 1805 पासून घोडागाड्यांच्या धंद्यात होतं, म्हणजे गाड्यांचा नाद जुनाच!

क्लेम घेणाराच काम स्वतःच्या दुकानाकडे वळवतो, ही छोट्या दुकानदारांची जुनी तक्रार. कनेक्टिकटने कायदाच केला की स्वतःच्या दुकानाचं नाव सुचवायचं तर सोबत दुसऱ्या एखाद्या दुकानाचंही सांगा. सेफलाइट कोर्टात गेली आणि 2014 मध्ये अपील कोर्टाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तिच्या बाजूने कौल दिला. मला स्वतःला तो कायदा रास्त वाटला होता, पण असो.

आता तुमचा टवका. विंडशील्ड, म्हणजे समोरची काच, ही काचेचे दोन थर आणि मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. खडा बसला की सहसा बाहेरचाच थर फुटतो, म्हणून दुरुस्ती शक्य होते. (दाराच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, असतात, फुटल्या की चुरा, तिथे दुरुस्तीचा प्रश्नच नाही.) टेक्निशियन आधी खड्ड्यातली काचेची पूड टोकरून काढतो, सक्शन कपने एक छोटा स्टँड काचेवर चिकटवतो आणि खड्ड्याच्या बरोबर वर इंजेक्टर फिरवून बसवतो. आधी आतली हवा ओढायची, मग दाबाने रेझिन (पातळ, पारदर्शक चिकट द्रव) सोडायचं. नीट बघा, चांदणीसारख्या फुटलेल्या तड्यांचे काळे पाय एकेक करून दिसेनासे होतात. तडा दिसतो तो आतल्या हवेमुळे, आणि रेझिन प्रकाशाला जवळपास काचेइतकंच वळवतं. शेवटी अतिनील दिव्याखाली ते घट्ट करून वरचं जास्तीचं रेझिन ब्लेडने तासतात. बारीकसा डाग राहतोच. आत पाणी किंवा धूळ शिरली तर रेझिन नीट धरत नाही, म्हणून अपॉइंटमेंटपर्यंत वर पारदर्शक टेप लावून ठेवा आणि गार काचेवर एकदम गरम हवा सोडू नका.

दुरुस्ती काच बदलण्यापेक्षा खूपच स्वस्त, म्हणून अनेक विमा कंपन्या तिच्यावर डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला तुमच्या खिशातून जाणारा वाटा, घेत नाहीत. फ्लोरिडात कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हर (टक्कर सोडून इतर नुकसानीचा विमा) असेल तर विंडशील्ड बदलली तरी डिडक्टिबल लागत नाही. तडा डॉलरच्या नोटेपेक्षा, म्हणजे साधारण 6 इंचांपेक्षा, लांब असेल तर बदलाच, असं तुम्हाला सांगितलं जाईल. पण दुरुस्तीच्या राष्ट्रीय मानकात योग्य जागचा तडा 14 इंचांपर्यंत दुरुस्त करता येतो. यावरूनही सेफलाइटवर खटला झालाय.

सेफलाइटचे टेक्निशियन एवढ्या घाईत का असतात? 1994 च्या सुमारास सेफलाइटने तासावरचा पगार सोडून नगावर मोबदला सुरू केला. एडवर्ड लेझीअर या अर्थतज्ज्ञाने त्याचा अभ्यास केला: दरडोई काम 44 टक्क्यांनी वाढलं. त्यातली निम्मी वाढ तीच माणसं जास्त राबल्यामुळे, उरलेली मुख्यतः चपळ माणसं कंपनीकडे ओढली गेल्यामुळे. दर्जा घसरू नये म्हणून ज्याच्याकडून काच चुकीची बसली त्यानेच ती पुन्हा फुकटात बसवायची, असा नियम होता.

काच बदलायचीच वेळ आली तर घाई आपणच करू नये. ती युरेथेन नावाच्या गोंदाने चिकटवलेली असते, आणि अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना तिचाच आधार घेते. गाडी कधी हलवायची ते टेक्निशियनला विचारा. गोंद, तापमान, दमटपणा यांवर ते ठरतं. आरशामागे रस्त्यावरची लेन ओळखणारा कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेम पुन्हा जुळवणं, लागतं. ते बिलात आहे का ते आधीच बघा आणि झाल्याचा कागद मागून घ्या. दुसरं दुकान हवं असेल तर फोनवर पहिल्याच मिनिटाला त्याचं नाव सांगा. अपॉइंटमेंट ठरल्यावरही बदलता येतं, पण कटकट फार.