ख्रिस्ती विश्वासात भावनेचा उत्साह आणि बुद्धी यांचा मेळ कसा घालावा?

तुम्ही लिहिलंय की प्रार्थना सभेत रडू येतं, हात आपोआप वर जातात. आणि सोमवारी लोकलमध्ये लटकताना वाटतं, हे खरं होतं की नुसता माहोल? त्यात कुणीतरी सांगितलं, शंका म्हणजे अविश्वास. हे शेवटचं आधी डोक्यातून काढा.

पहिल्या शतकातल्या करिंथ शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, भावनेचा पूर आला होता. त्यांना पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तो बंद पाडला नाही. तुम्हा सर्वांपेक्षा मी अधिक अन्य भाषांत (प्रार्थनेच्या भरात तोंडून येणाऱ्या, ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या बोलीत) बोलतो, असं तो स्वतः सांगतो. आणि लगेच म्हणतो, मंडळीत तसल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द बरे. पुढे चक्क शिस्त लावतो: संदेश देणाऱ्या दोघा-तिघांनीच बोलावं, बाकीच्यांनी पारख करावी (१ करिंथ, अध्याय १४). शंका घेणाऱ्याला त्याने दाराबाहेर नाही, सभेतच बसवलंय.

आपल्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक बघा. १८९३ मध्ये रेल्वेत एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले, पण बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये, इथे मुंबईत. मधला काळ वाचन आणि पत्रव्यवहारात गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर नवऱ्यामागोमाग जायचं नाकारलं. स्वतःला पटल्यावर, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. आणि याच चिकित्सक टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर सुरू झाली की आमच्या भायखळ्याकडच्या उपासनेत भाष्यग्रंथ कोळून प्यायलेली मंडळीही डोळे पुसतात. (ही मंडळी एरवी प्रार्थनेतही मुद्दे काढतात, तो आजार वेगळाच.)

व्यवहारात मी एवढंच पाळतो: रडू आलं तर येऊ द्यायचं, पण त्या रात्री पैसा, लग्न, नोकरी यांचा निर्णय घ्यायचा नाही. औषधाचा तर नाहीच. एका सभेत एक काका 'बरा झालो' अशी साक्ष देऊन इन्सुलिन बंद करायला निघाले होते. शेजारच्या नर्सबाईंनी त्यांना तिथेच बाजूला घेतलं, 'काका, देवाचे आभार माना, पण आधी साखर तपासा' म्हणाल्या. त्या संध्याकाळचा सगळ्यात आध्यात्मिक माणूस मला तरी त्याच वाटल्या.

तुमची शंका पाळकांना, म्हणजे तुमच्या चर्चच्या पास्टरना, थेट विचारा. 'मलाही ठाऊक नाही' म्हणाले तर तिथेच राहा. 'असं विचारू नये' म्हणाले तर दुसरं चर्च शोधा. मराठीत उपासना होणारी चर्चेस मुंबईत बरीच आहेत.